मधुमतीताईंचं निवेदन

२०१६ च्या सप्टेंबरातल्या एका रविवारी सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसला जाऊन एका बाईंना एक गोष्ट सांगायची जबाबदारी माझ्यावर आली होती. तुमचा कार्यक्रम आम्हाला हवा आहे, पण तुमचा आवाज नको, असं ते सांगणं होतं. अर्थात या शब्दांत नाही. आमच्या समितीने शब्द छान तासून दिले होते. बुकित पंजांगहून निघाल्यापासून मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तेच घोळवत बसलो होतो.

त्या बाई म्हणजे मधुमती सबनीस. मूळच्या मिरजेच्या. त्यांचे वडील तिथे तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावायचे, त्यामुळे कानाचं शिक्षण पाळण्यापासून झालेलं. गाणं रीतसर शिकल्या, संगीतात एम.ए. केलं. दिलीप सबनीसांना तांजोंग पगारच्या एका बँकेत आयटीची नोकरी लागली, तेव्हा २००१ मध्ये त्यांच्याबरोबर सिंगापूरला आल्या. मैफली फारशा केल्या नाहीत. टॅम्पिनीसच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मराठी मुलांना गाणं शिकवायच्या. मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, शेवटी इथल्या लोकांसारखं ‘लाह’ जोडायची, पण सरगम मात्र नीट घ्यायची, कारण त्याशिवाय ताई घरी सोडायच्याच नाहीत.

२०१४ च्या सुरुवातीला त्यांचा आवाज बसला आणि सुटेचना. तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आणि पसरलेला होता. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हा त्या चौपन्न वर्षांच्या होत्या.

भेटायला गेलेल्यांपैकी एका बाईंनी हळहळत विचारलं, की फार रियाज केल्यामुळे असं झालं असेल का. मधुमतीताईंनी उशाजवळची वही ओढली आणि लिहिलं, ‘तसं असतं तर तुमची नणंद माझ्याआधी गेली असती.’ त्या नणंदबाई पहाटेपासून रियाज करायच्या. ती वही नंतर बरेच दिवस आमच्यात चर्चेचा विषय होती.

गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी कायमचं छिद्र आलं. त्यावर त्या सुती रुमाल बांधायच्या. बोलण्यासाठी एक यंत्र मिळालं, लहान टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की एकसुरी गुणगुणतं आणि ओठ-जीभ हलवली की त्या गुणगुणण्याचे शब्द होतात. ऐकणाऱ्याला ते रोबो बोलल्यासारखं वाटतं. यंत्रावर सूर खालीवर करायचा एक बारीक स्क्रू असतो. थेरपिस्टने बहुतेक बायकांना बरा वाटतो तो सूर लावून दिला होता. मधुमतीताईंनी घरी येऊन पेटी उघडली, यंत्र गळ्याला लावलं आणि स्क्रू फिरवत फिरवत ते काळी चारला आणून ठेवलं. त्यांची गाण्याची पट्टी काळी चार होती. पुढच्या खेपेला थेरपिस्टने कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की मी पस्तीस वर्षं इथेच राहतेय, पत्ता बदलणार नाही.

शिकवणीला तेरा मुलं होती, त्यातली नऊ गेली. पालकांनी कारणं सभ्य दिली. उरलेल्या चौघांना त्या पेटीवर बोट ठेवून शिकवत राहिल्या. सूर चुकला की हात वर, बरोबर लागला की हात मांडीवर. चैत्राली नावाची त्यांची शिष्या मला सांगायची, की ताई गाऊन दाखवायच्या तेव्हा नक्कल करता यायची. आता सूर स्वतःच शोधावा लागतो आणि सापडेपर्यंत तो हात काही खाली येत नाही.

हॉस्पिटलमध्ये स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांचा एक गट महिन्यातून एकदा जमायचा. तिथे २०१५ मध्ये त्यांना रियाद सब्बाग भेटले.

हे सत्तरीचे गृहस्थ सीरियातल्या हलब शहरचे. आपण वर्तमानपत्रात वाचतो ते अलेप्पो म्हणजेच हलब. पेशाने शिंपी. पण तीस वर्षं शहरातल्या मैफलींत मुख्य गायकाच्या मागे बसून साथ करणाऱ्यांतले एक. त्यांची मुलगी हाला इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राची संशोधक होती. युद्ध सुरू झाल्यावर तिने खटपट करून वडिलांना आणलं, आणि आल्यावर वर्षभरात त्यांच्याही गळ्याचं तेच निदान झालं. यंत्र त्यांनाही दिलेलं होतं. ते खिशात असायचं, पण बाहेर काढायचे नाहीत. मुलीशीसुद्धा कागदावर लिहून बोलायचे. माणसाने असल्या आवाजात बोलण्यापेक्षा गप्प बसावं, असं त्यांनी एकदा गटात अरबीत लिहून दाखवलं आणि हालाने ते सगळ्यांना सांगितलं. मधुमतीताईंनी आपलं यंत्र गळ्याला लावून इंग्रजीत उत्तर दिलं, “मग मी काय करतेय असं तुम्हाला वाटतं?”

हालाने ते अरबीत सांगितलं. म्हातारबाबा पहिल्यांदाच हसले, असं ती नंतर म्हणाली.

त्या दिवसापासून गटाची बैठक संपली की तिघं हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसायला लागली. रियादसाहेबांच्या फोनमध्ये चाळीसेक गाणी होती. हलबच्या जुन्या बाजाराजवळ त्यांचं दुकान होतं, तिथे तीनशेवर कॅसेट्स होत्या. २०१२ मध्ये बाजाराला आग लागली त्यात दुकान आणि कॅसेट्स सगळं गेलं. हालाने इकडे येताना घरची आठवण म्हणून त्यातली काही गाणी फोनमध्ये उतरवून घेतली होती, तेवढीच वाचली.

पहिल्या दिवशी त्यांनी सबाह फख्री ऐकवले. हलबचेच, विसाव्या शतकातल्या अरबी गाण्यातलं फार मोठं नाव. मधुमतीताईंना शब्द कळत नव्हते, पण गाणारा गंधारावर, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या सुरावर थांबला तेव्हा त्या खुर्चीत सरळ बसल्या. तो गंधार कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता, दोन्हींच्या मधे कुठेतरी घट्ट उभा होता. त्यांनी हात वर केला. सवयच ती. रियादसाहेबांनी त्यांचा हात पाहिला, फोन थांबवला आणि कागदावर लिहिलं की हा सूर इथेच असतो, चुकलेला नाही. मग तीच ओळ पुन्हा लावली. सहाव्या वेळेला मधुमतीताईंचा हात मांडीवर आला.

त्यांनी वर्षभर असं ऐकलं. हळूहळू त्यांच्या वहीत नावं, तारखा, स्वरांच्या खुणा भरत गेल्या. रियादसाहेब कागदावर त्यांना ‘उस्ताझा’ म्हणायचे, म्हणजे शिक्षिका. त्यांनी सांगितलं, की हलबमध्ये गायकाइतकाच मान ऐकणाऱ्यांना असतो. बाहेर कितीही नाव झालं तरी हलबच्या श्रोत्यांनी मान डोलावल्याशिवाय गायकाला आपण पास झालो असं वाटत नाही. हे ऐकून मधुमतीताईंनी ठरवलं, की हे आपल्या लोकांना सांगायचं.

आपले लोक म्हणजे आमचं श्रवणमंडळ. पंचवीस-तीस मराठी घरं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी कॉन्डोच्या हॉलमध्ये जमायचं, एकाने एखाद्या गायकावर बोलायचं, ध्वनिमुद्रणं ऐकवायची आणि मग वडे खायचे. नोव्हेंबरातली बैठक मोठी, तिला पाहुणेही यायचे. त्या बैठकीसाठी मधुमतीताईंनी विषय पाठवला, ‘सीरियाचे गायक’. मी मंडळाचा सचिव होतो.

समितीत बराच काथ्याकूट झाला. अरबी कुणाला कळणार, हा पहिला मुद्दा. तिकडे युद्ध चालू आहे, परक्या देशात राहून आपण कशाला त्यात पडायचं, हा दुसरा. दिवाळीच्या सुमारास आपलं काहीतरी असावं, हा तिसरा. पण खरी अडचण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेवटी आमचा अध्यक्ष संजीव म्हणाला की विषय होऊ दे, पण निवेदन वल्लरीने वाचावं. वल्लरी सूत्रसंचालन उत्तम करायची. दीड तास तो यंत्राचा आवाज पाहुण्यांना सहन होणार नाही, असं कुणीतरी पुटपुटलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. मग हे त्यांना सांगायला मला पाठवलं, कारण मी त्यांना जवळचा.

त्यांनी चहा केला. मी तासलेले शब्द वापरले. तुम्हाला दगदग नको, असं म्हणालो. वल्लरी तुमच्या संहितेला न्याय देईल, असंही म्हणालो. दिलीपकाका शेजारी बसले होते. ते लगेच म्हणाले की मधू, यात वाईट काही नाही, तुलाच आराम मिळेल. शस्त्रक्रियेपासून दुकानात, बँकेत, फोनवर तेच ताईंच्या वतीने बोलत आले होते, आणि त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मधुमतीताईंनी कप खाली ठेवला आणि यंत्र गळ्याला लावलं.

“सुबोध, दगदग कुणाला होणार आहे? मला की ऐकणाऱ्यांना?”

मी पुन्हा दगदगीचंच काढलं. त्या म्हणाल्या, “खरं सांग. तू लहान नाहीस.”

मी खरं सांगितलं. पाहुण्यांना तो आवाज जड जाईल असं समितीला वाटतं, म्हणालो.

“जाईलच. मलाही जातो. रोज सकाळी पहिला शब्द बोलते तेव्हा अजून दचकायला होतं.” त्या थांबल्या, गळ्याच्या रुमालावर हात ठेवून दोन श्वास घेतले. “पण हा माझा आवाज आहे. दुसरा येणार नाही. वल्लरी गोड बोलते, तिने तिच्या विषयावर बोलावं. माझ्या विषयावर मी बोलणार.”

दिलीपकाका काही म्हणणार होते. ताईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

“समितीला सांग, कार्यक्रम मी मागे घेतलाय. आणि हेही सांग, की तो होणार आहे. माझ्या ब्लॉकखाली रहिवाशांची खोली आहे, तिथे. युद्धावर मी बोलणार नाही. पण हलबचं नाव घेणार, आणि ते ज्याला टोचेल त्याने येऊ नये.”

मी उठलो तेव्हा त्या आत गेल्या आणि पेटी वाजायला लागली. दिलीपकाका मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. म्हणाले की लोक हसले तर ती मोडेल, याचीच भीती वाटते. मग स्वतःच म्हणाले, की ती नाही मोडणार, मीच मोडेन.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी झपाटल्यासारखं काम केलं. खोली आरक्षित केली, परवानगीचे अर्ज स्वतः जाऊन भरले. अर्जाच्या खिडकीतल्या मुलीला यंत्राचं बोलणं कळेना, तेव्हा तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच वाक्य त्याच शांतपणे बोलल्या, पण कागदावर लिहून दिलं नाही. लिफ्टच्या दाराशी मराठी आणि इंग्रजीत सूचना लावली. आमच्या मंडळातल्या सुलेखाताईंनी फोन करून सुचवलं, की निदान आधी ध्वनिमुद्रण करून ठेवा, म्हणजे मधे अडलं तर पंचाईत नको. त्यांनी सांगितलं, की अडलं तर अडलं, लोक थांबतील. रियादसाहेबांनी यायचं कबूल केलं, पण बोलणार नाही, मागे बसेन, असं लिहून दिलं. आयुष्यभर मागेच बसलो, असंही त्याखाली लिहिलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी तीनला मी तिथे पोचलो. समितीतून मी एकटाच, आणि तोही कुणाला न सांगता. वीस-बावीस माणसं असतील. ब्लॉकमधल्या दोन मलय बायका, खाली बुद्धिबळ खेळणारे एक चिनी आजोबा, शिष्यांचे पालक, आणि शस्त्रक्रियेनंतर शिकवणी सोडून गेलेल्या नऊ मुलांपैकी तिघांच्या आया. पुढच्या रांगेत हाला आणि वडील. दिलीपकाका लॅपटॉपपाशी.

मधुमतीताई उभ्या राहिल्या आणि मराठीत व इंग्रजीत आळीपाळीने बोलू लागल्या. पहिल्या वाक्याला एक लहान मूल हसलं. आईने त्याला दाबलं. ताई म्हणाल्या की हसू दे, पहिल्यांदा मीही हसले होते. मग कुणी हसलं नाही.

त्यांनी सुरुवात अस्महानपासून केली. सीरियातल्या द्रुझ पंथाच्या पहाडी मुलखातल्या सरदार घराण्यातली ही मुलगी. आई मुलांना घेऊन परागंदा होऊन कैरोला आली आणि गाऊन घर चालवू लागली. भाऊ फरीद अल-अत्रश ऊद या अरबी तंतुवाद्याच्या वादनात आणि गाण्यात पुढे मोठा झाला. बहिणीचं गाणं मात्र घराण्याला पटलं नाही. तिचं लग्न लावून तिला परत पहाडात नेलं. काही वर्षांनी ती पुन्हा कैरोला आली आणि पुन्हा गाऊ लागली. १९४४ मध्ये मोटार कालव्यात पडून गेली, तेव्हा धड तिशी उलटली होती की नाही यावर अजून वाद आहे. ताईंनी गाणं लावलं. यंत्राच्या त्या सपाट सुरानंतर तो आवाज खोलीत आला आणि मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. सपाट आवाजाने कान असे कोरे झाले होते, की त्या गळ्याचं प्रत्येक वळण दिसू लागलं. वल्लरीच्या गोड निवेदनानंतर हे झालं नसतं, हे मला तिथेच कळलं.

मग त्या सबाह फख्रींकडे वळल्या. व्हेनेझुएलात काराकासला १९६८ मध्ये ते सलग दहा तास गायले असं सांगतात, हे सांगून त्या म्हणाल्या की आता मी तुम्हाला तो मधला गंधार दाखवते. चैत्रालीने तंबोऱ्यावर सूर धरला. ताईंनी पुढचं वाक्य सुरू केलं आणि यंत्र खरखरलं, क्षीण झालं आणि थांबलं. बॅटरी संपली होती.

त्यांनी बटण दोनदा दाबलं. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. दिलीपकाका उठले. मला वाटलं, आता ते बोलायला लागणार, संहिता उचलून वाचणार. ते पायात चपला सरकवून दाराबाहेर पळाले. समोरच्या दुकानातून बॅटरी आणायला.

मधुमतीताई बसल्या नाहीत, तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात रियादसाहेबांनी कोटाच्या खिशातून आपलं यंत्र काढलं. दीड वर्षं खिशात पडून होतं. रुमालाने पुसलं, उभे राहिले, लोकांकडे वळले आणि गळ्याला लावलं. पहिले दोन शब्द अजिबात उमटले नाहीत. त्यांनी जागा बदलून पुन्हा लावलं आणि अरबीत बोलू लागले. हाला उठून उभी राहिली, पण तिला भाषांतर सुरू करायला थोडा वेळ लागला. तिने वडिलांचं बोलणं कानांनी ऐकून दीड वर्ष झालं होतं.

ते म्हणाले, की ऐन उमेदीत असताना मी बाहेरून आलेल्या एका नामांकित गायकाच्या मागे बसलो होतो. पहिलं गाणं झालं. हलबचे लोक टाळी वाजवेनात. पुढच्या रांगेतून पाव भाजणारा एक माणूस उठला आणि अदबीने म्हणाला, की साहेब, तिसरा सूर किंचित खाली होता, पुन्हा म्हणता का. गायकाने त्याच्याकडे बघितलं आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. या खेपेला लोक खुर्च्यांवर बसू शकले नाहीत.

“माझं दुकान जळलं,” हाला सांगत होती, आणि तिच्या मागून तो जाड, घोगरा गुणगुणता सूर येत होता. “पाववाला आता हयात नाही. त्या सभागृहाचं काय झालं मला माहीत नाही. पण तो तिसरा सूर मी ऐकलाय, तो मला माहीत आहे. या बाईंनाही आता माहीत आहे. तेव्हा तो गेला असं कुणी म्हणू नये.”

ते खाली बसले. बुद्धिबळवाल्या आजोबांनी टाळी वाजवायला सुरुवात केली. दिलीपकाका धापा टाकत बॅटरी घेऊन आले तेव्हा सगळी खोली टाळ्या वाजवत होती, आणि काय झालं ते त्यांना कुणी सांगेना. मधुमतीताईंनी बॅटरी बदलली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मी गंधाराबद्दल सांगत होते.” पुढे पाऊण तास बोलल्या.

सगळं तिथेच गोड झालं असं नाही. दोन आया मध्येच उठून गेल्या होत्या. आमच्या मंडळात ही बातमी पोचली तेव्हा संजीव दुखावला, आम्हाला खलनायक केलं म्हणाला. डिसेंबरात हलब पडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कुणीतरी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहिलं की बघा, म्हणून म्हणत होतो या भानगडीत नको. त्या दिवशी मी सचिवपद सोडलं. पुढच्या वर्षी मंडळाने मधुमतीताईंना रीतसर बोलावलं, हव्या त्या विषयावर, हव्या त्या आवाजात. त्यांनी निरोप पाठवला, की आभार, पण माझी बैठक आता इथे भरते, ज्यांना यायचंय त्यांनी टॅम्पिनीसला यावं. दर दोन महिन्यांनी ती भरत राहिली. संजीव तिसऱ्या बैठकीला आला आणि मागे बसला. ताईंनी त्याला ओळख दिली, चहा दिला, पण झालं गेलं विसरू असं काही म्हणाल्या नाहीत.

रियादसाहेब २०१८ मध्ये गेले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी चैत्रालीला सहा रचना शिकवल्या, यंत्रातून शब्द सांगून आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून. हाला पुढे जर्मनीला गेली.

२०१९ मध्ये हॉस्पिटलने नव्या रुग्णांशी बोलायला मधुमतीताईंना बोलावलं. मी त्यांच्याबरोबर होतो. एक टॅक्सीचालक गृहस्थ होते, शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झालेले. त्यांची बायको त्यांच्या वतीने भराभरा सगळं सांगत होती, काय खातात, काय दुखतं, काय वाटतं. ताईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग यंत्र गळ्याला लावून त्या बाईंना म्हणाल्या, की तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा. बाई घाबरल्या, त्यांना काही लागलं तर, म्हणाल्या.

“लागलं तर ते सांगतील. वेळ लागेल. आम्हाला घाई नाही.”

बाई बाहेर गेल्या. ताईंनी खुर्ची त्या गृहस्थांच्या समोर ओढली, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसल्या.